लक्ष्मी तलावाच्या कांठीं एकतीस दिवस

शेतकऱ्यास पाण्याची ओळख असते ती पाटापासून किंवा मोटारीच्या नळाच्या तोंडापासून. त्याच्या मागें तें कोठून आलें, कोणी अडविलें व कोणाच्या पदरचें जाऊन आपणांस मिळालें, हें पाहण्यास त्यास सवड नसते. बहुधा इच्छाही नसते. आमची स्थिति याहून वेगळी नव्हती. महसूल खात्यांत कारकुनी करून आम्हीं शेतसाऱ्याचे व पिकांच्या नोंदींचे आंकडे वर्षानुवर्षें मांडले. कबनुरास घरची शेती असल्यानें उंसास पाणी पाजण्याचा अनुभवही होता. परंतु ज्या तलावाचें पाणी पंचगंगेंतून आमच्या शिवाराकडे येतें, तो तलाव सावकाश असा कधीं पाहिला नव्हता. सन २०२४ च्या मार्च महिन्यांत तो योग अनपेक्षितपणें आला, व दोन रात्रींचा ठरविलेला मुक्काम एकतीस दिवसांचा झाला. त्या मुक्कामांत जें पाहिलें त्याचा संबंध आमच्या शेतांतील एका नासलेल्या तुकड्याशीं आहे, आणि आमचा तर्क असा कीं, वाचकांपैकीं पुष्कळांच्या शेतांशींही असावा. सबब तो वृत्तांत येथें देत आहों.

आमची कन्या कणकवलीस दिली आहे. तिला भेटण्यास आम्ही उभयतां फोंडा घाटाच्या रस्त्यानें निघालों होतों. कोल्हापूर सोडल्यावर हा रस्ता हळदी, परितें या बाजूनें भोगावतीच्या सोबतीनें राधानगरीस जातो व पुढें दाजीपुराच्या जंगलांतून घाटाकडे वळतो. राधानगरीच्या पुढें तलावाचा फुगवटा रस्त्यालगत दिसूं लागतो. तेथें एका स्थानिक शेतकऱ्यानें आपल्या वरकस जमिनींत पांचसहा तंबू ठोकून प्रवाशांच्या मुक्कामाची सोय केली आहे. वाटेंत दोन दिवस विसांवा घ्यावा, इतकाच आमचा बेत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाण्याच्या कांठीं दगडावरून आमच्या कुटुंबाचा पाय घसरला व घोट्याजवळ हाड दुखावलें. राधानगरीस डॉक्टरांस दाखवितां त्यांनीं पट्टी बांधून महिनाभर पाय जमिनीस लावूं नये असें बजाविलें. आम्हीं परत घरीं जाण्याची तयारी चालविली. त्यावर कुटुंबानें विचारलें, "अहो, घरीं गेल्यावर माझा पाय एका जागीं राहील असं तुम्हांला खरंच वाटतं का?" घरांत गोठा आहे, चूल आहे, येणारेंजाणारें आहे. प्रश्न बिनतोड होता. तंबूचा मालक मोठा समजुतदार. त्यानें तंबूंत लांकडी खाट दिली, दोन वेळच्या जेवणाचें ठरवून टाकलें व दर इतका कमी केला कीं आम्हांसच संकोच वाटला. कन्या व जांवई कणकवलीहून येऊन भेटून गेलीं. येणेंप्रमाणें आम्ही तेथें स्थिर झालों.

पहिले चार दिवस फार जड गेले. जन्मभर सकाळीं कचेरी, निवृत्तीनंतर सकाळीं शेत; येथें करण्यासारखें कांहींच नाहीं. तंबूपुढें जांभळाचें एक मोठें झाड, त्याखालीं दोन खुर्च्या, समोर उतार व उताराच्या शेवटीं पाणी. पहांटे पाण्यावर धुकें असे. सूर्य वर आला कीं तें निघून जाई व पलीकडील डोंगर पाण्यांत उलटे दिसत. सायंकाळीं पलीकडच्या रानांतून कधीं कधीं गवे पाण्यावर येत. मालकाचा मुलगा आम्हांस बोलूं नका म्हणून खूण करी, व आम्ही सर्व श्वास आवरून त्यांस पाहत असूं. जेवणांत नाचणीची भाकरी, भात व कधीं तलावांतील मासा. रात्रीं इतकी शांतता कीं शेजारच्या तंबूंत कोणी कूस वळविली तरी ऐकूं यावी.

कारकुनाच्या हातास कांहीं तरी नोंद लागते. पांचव्या दिवशीं सकाळीं आम्हीं पाण्याच्या कडेस एक खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों पाणी खुंटीपासून दोन पावलें खालीं गेलेलें. दुसरी खुंटी ठोकली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. मग रोज सकाळीं खुंटी ठोकणें, पावलें मोजणें व वहींत तारीख घालून मांडणें, हा आमचा नेमच झाला. उतार सौम्य असल्यानें उंचींत चार बोटें पाणी उतरलें कीं कांठ दोन अडीच पावलें मागें सरे. वर आकाशांत ढग नाहीं, खालीं कोणी उपसा करतांना दिसत नाहीं, कसला आवाज नाहीं. आणि तरी तलाव दररोज मागें सरत होता. तें पाणी जात होतें तें आम्हां खालच्या लोकांकडेच. भोगावती प्रयाग चिखलीजवळ कुंभी, कासारी व तुळशी यांच्या पाण्यास मिळून पंचगंगा होते. पुढें राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा बंधाऱ्यांत तें अडत अडत नृसिंहवाडीस कृष्णेंत जातें. पावसाळा सरला कीं या बंधाऱ्यांच्या गाळ्यांत बरगे घालून पाणी साठवितात व पावसाळ्यापूर्वीं ते काढतात. या पद्धतीस कोल्हापूरचेंच नांव पडलें आहे, हें वाचक जाणतातच. परंतु बंधारा हा केवळ मधला रांजण होय. उन्हाळ्यांत तो भरणारी घागर येथें वर आहे, हें खुंट्या ठोकूं लागल्यावर आमच्या ध्यानीं आलें.

या तलावाची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०७-०८ च्या सुमारास हें धरण हातीं घेतलें. गांवास कन्या राधाबाई यांचें व तलावास महाराणी लक्ष्मीबाई यांचें नांव दिलें. संस्थान लहान, काम अवाढव्य. पैशाअभावीं तें मध्यें थांबलें. सन १९२२ मध्यें महाराज निवर्तले तेव्हां धरण अपुरेंच होतें. राजाराम महाराजांच्या कारकिर्दींत काम पुन्हां पुढें नेण्यांत आलें व कालांतरानें तें पुरें झालें. म्हणजे ज्यानें हें धरण योजिलें त्यास तें भरलेलें पाहतां आलें नाहीं. जलाशयांतील उंचवट्यावर महाराजांची बेनझीर व्हिला नांवाची कोठी आहे. तलाव भरला कीं पाणी तिच्याभोंवतीं येतें. उन्हाळ्यांत तें ओसरलें कीं तिच्या भिंती मोकळ्या होतात. एके दिवशीं तंबूमालकाच्या गाडींतून धरणाकडे गेलों तेव्हां ती दुरून पाहिली. ज्याची दृष्टि शंभर वर्षें पुढें पोंचली, त्याचें स्वतःचें बिऱ्हाड पाण्यांत उभें आहे, हें पाहून मन भरून आलें.

त्याच दिवशीं धरणाचे सात दरवाजेही पाहिले. उन्हाळ्यामुळें ते मिटलेलेच होते. हे दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव पूर्ण पातळीस आला कीं ते पाण्याच्याच जोरानें आपोआप उघडतात, व पातळी उतरली कीं आपोआप मिटतात. पावसाळ्यांत वर्तमानपत्रांत "राधानगरीचे अमुक दरवाजे उघडले" अशी बातमी येते व नदीकांठचीं गांवें सावध होतात, ते हेच. दर दरवाज्यांतून सेकंदास १४२८ घनफूट पाणी बाहेर पडतें.

तंबूंत परत आल्यावर आम्हीं वहीच्या पाठीमागें एक हिशेब मांडला, तो वाचकांनींही मांडून पाहावा. तलावाची सांठवण ८.३६ टीएमसी, म्हणजे ८३६ कोटी घनफूट. पाटानें भिजविलेल्या उंसास एका पिकाच्या काळांत शेतावर सुमारें साडेसहा फूट उंच उभें राहील इतकें पाणी लागतें असें धरूं. एकराचें क्षेत्र ४३,५६० चौरस फूट. तेव्हां एका एकरास सुमारें २ लक्ष ८३ हजार घनफूट पाणी झालें. या मानानें संपूर्ण तलाव रिता केला तर साडेएकोणतीस हजार एकर ऊंस भिजेल. यांत पावसाचा वांटा सोडला तर क्षेत्र थोडें वाढेल. परंतु गांवांचें व शहरांचें पिण्याचें पाणी, उन्हानें उडणारें व नदींत मुरणारें पाणी वजा घातलें तर तें पुन्हां घटेल. नदीच्या दोन्ही तीरांवर राधानगरीपासून शिरोळापर्यंत उंसाचा हिरवा पट्टा ज्यानें पाहिला आहे, त्यास हा आंकडा किती लहान आहे तें सांगावयास नको. दुसरें असें कीं, पावसाळ्यांत एक दरवाजा उघडला म्हणजे एका एकराचें सबंध पिकाचें पाणी सव्वातीन मिनिटांच्या सुमारास वाहून जातें. मार्चांत खुंटी ठोकतांना हें स्मरलें तर एका दिवसाच्या दोन पावलांचीही किंमत कळते.

हें पाणी येतें कोठून, तेंही सांगितलें पाहिजे. दाजीपुराच्या डोंगरांत वर्षास १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. आमच्या हातकणंगले तालुक्यांत तो २५ ते ३० इंच. डोंगरावर झाडी आहे म्हणून तें पाणी मुरतें, झऱ्यांनीं हळूहळू तलावांत येतें व माती धुपून तलाव गाळानें भरत नाहीं. हें रान पूर्वीं संस्थानचें शिकारीचें राखीव रान होतें. सन १९५८ मध्यें दाजीपूर येथें गव्यांसाठीं अभयारण्य झालें. पुढें त्याचा विस्तार होऊन तें राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरांचें झालें, व २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्याची गणना जागतिक वारशांत झाली. आमच्यासारख्या सपाटीवरील शेतकऱ्यास अभयारण्य म्हणजे पाहुण्यांची करमणूक वाटते. वस्तुतः तें आमच्या पाण्याचें कोठार आहे.

मुक्कामाच्या तिसऱ्या आठवड्यांत पाणी पुष्कळ खालीं गेलें, तसे उतारावर जुन्या बांधांचे दगड दिसूं लागले. झाडांचे काळे बुंधे, एके ठिकाणीं चौकोनी रचलेले दगड. जवळच्या वाडीवरील एक वृद्ध गृहस्थ रोज संध्याकाळीं तेथें म्हैस घेऊन येत. आम्हीं त्यांस विचारलें, हे बांध कोणाचे? त्यांनीं काठीनें पाण्याकडे दाखविलें व म्हणाले, "आमच्या आज्याचं श्यात त्या तितं हुतं. बांध दिसतोय न्हवं, त्येच्या पल्याड." आम्हीं विचारलें, आपणांस वाईट वाटत नाहीं काय? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी कुटं बघितलंय त्ये? बा सांगायचा. तुमी कुटलं म्हनायचं?" आम्हीं कबनूर म्हणून सांगितलें. तेव्हां त्यांनीं विचारलें, "तितवर पाणी पोचतंय न्हवं पाव्हणं? पुरतंय न्हवं?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. कारण पाणी पुरतें एवढेंच नव्हे, तर आमच्या शेताच्या खालच्या अंगाचा अर्ध्या एकराचा तुकडा जादा पाण्यानेंच नासला होता. चार वर्षांपूर्वीं तेथें ऊंस पिवळा पडूं लागला. पुढें मधून मधून उगवेना. उन्हाळ्यांत जमिनीवर मिठासारखा पांढरा पापुद्रा येऊं लागला, आणि पावसाळ्यांत पाय रुते. आम्ही खत वाढवीत गेलों, बेणें बदललें, आणि आश्चर्य असें कीं, पीक सुकतें आहे या समजुतीनें पाणीही वाढविलें.

त्या रात्रीं हें सर्व कुटुंबापाशीं बोललों. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "अहो, इथं पाणी कमी होतं तें तुम्ही रोज मोजतां. आपल्या शेतांत तें जास्त होतं, तें एकदां तरी मोजलंत का?"

मोजलें नव्हतें. मोजण्याची सोयच आम्हीं ठेविली नव्हती. आमच्याकडे शेतीची वीज कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं येते. रात्रीं उठून शिवारांत जाणें कोणासही नको, म्हणून धाकट्या बंधूंनीं मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसविला आहे. वीज आली कीं मोटार आपोआप सुरू होते आणि वीज जाईपर्यंत चालते. वाफे भरले, पाटाबाहेर पाणी गेलें, खालच्या तुकड्यांत तळें झालें, तरी तिला त्याची वार्ता नाहीं. सकाळीं जाऊन पाहावें तों सरी बुडालेली. तरी आम्ही समाधानानें म्हणत असूं कीं पाणी झकास झालें. धरणाचे दरवाजेही आपोआप चालतात. परंतु त्यांस पातळी पाहून उघडणें जसें कळतें, तसें मिटणेंही कळतें. आमच्या ऑटोस केवळ सुरू होणें ठाऊक आहे.

जादा पाण्यानें जमीन कशी बिघडते हें ज्यांस नवीन असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. आमच्या काळ्या खोल जमिनींत पाण्याचा निचरा सावकाश होतो. गरजेपेक्षां अधिक पाणी दिलें कीं तें खालीं सांठून भूजल वर येतें. त्याबरोबर जमिनींतील विरघळलेले क्षारही वर येतात. उन्हानें पाणी उडून जातें व क्षार पृष्ठभागीं राहतात. मुळांस हवा मिळत नाहीं व क्षारामुळें पाणी शोषतां येत नाहीं. म्हणून पाण्यांत उभें असलेलें पीक तहानेलें दिसतें, आणि आपण त्यास आणखी पाणी देतों. शिरोळ तालुक्यांत या कारणानें पुष्कळ जमीन क्षारपड झाली, व तेथें अलीकडे जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून निचरा करण्याचीं मोठीं कामें झालीं आहेत. वरच्या माणसानें शेत सोडलें तेव्हां खालीं पाणी आलें, आणि त्या पाण्यानें खालच्या माणसानें आपलें शेत घालविलें, याहून दोन्हीकडचा तोटा तो कोणता?

गुढीपाडवा, तारीख ९ एप्रिल, आम्हीं तंबूपुढें जांभळाखालीं गुढी उभारून साजरा केला. तंबूमालकाच्या घरून पुरणपोळी आली. त्या वृद्ध गृहस्थांसही बोलाविलें होतें. तारीख १४ एप्रिलला डॉक्टरांनीं पट्टी सोडली व कुटुंबास काठीच्या आधारें चालतां येऊं लागलें. निघण्यापूर्वीं शेवटचें माप घेतलें. पहिल्या खुंटीपासून पाणी साठ पावलें खालीं गेलें होतें. खुंट्या आम्हीं उपटल्या नाहींत. पावसाळ्यांत तलाव स्वतःच त्या घेईल.

घरीं आल्यावर पहिलें काम म्हणून नासलेल्या तुकड्यांत खड्डा खणविला. तीन फुटांवर पाणी लागलें. एप्रिल महिना, नदी आटत चाललेली, आणि आमच्या उंसाच्या मुळाशीं पाणी उभें! बंधूंस तेथें नेऊन दाखविलें व ऑटो काढावा असें सुचविलें. ते म्हणाले, "अण्णा, महिनाभर तळ्यावर राहून तुम्ही पाणी जपायला शिकलात, चांगलं झालं. पण ऊंस वाळला तर उत्तर कोण देणार? रात्रीं मोटार चालू करायला कोण जाणार?" दोन दिवस आमचें व त्यांचें बोलणें बंद होतें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं सांगितलें कीं, रात्रीच्या पाळीस आम्ही स्वतः जाऊं. निवृत्त माणसास झोंप कमीच असते. एका हंगामापुरतें करून पाहूं या अटीवर ते कबूल झाले.

त्यानंतर जें केलें तें असें. ऑटो काढला. वरच्या दीड एकरांत ठिबकचे नळ घातले. खालच्या तुकड्याच्या कडेनें ओढ्यापर्यंत खोल चर काढला. ओढ्यालगतच्या शेजाऱ्याची संमति मिळविण्यास तीन वेळां जावें लागलें. माती तपासून घेतली व तपासणीप्रमाणें जिप्सम टाकलें. त्या तुकड्यांत ऊंस न लावतां पावसाळ्याच्या आरंभीं ढैंचा पेरला व फुलोऱ्यापूर्वीं गाडला. रात्रीच्या पाळीस आम्ही बॅटरी व काठी घेऊन जात असूं, पुढें पुढें बंधूच म्हणूं लागले कीं, "अण्णा, आज मी जातों."

फळ काय मिळालें तें जसें आहे तसें सांगतों. २०२५ च्या मार्चांत तोच खड्डा पाहिला तेव्हां पाणी पांच फुटांच्या खालीं होतें. ढैंचा अर्ध्या तुकड्यावर चांगला आला, अर्ध्यावर विरळ. पांढरा पापुद्रा कमी झाला आहे, गेलेला नाहीं. ती जमीन पुरी सुधारण्यास आणखी कांहीं वर्षें लागतील असें जाणकार म्हणतात. वरचा ऊंस मात्र वाळला नाहीं, हें बंधूंनीं आपण होऊन सांगितलें. एका हंगामावरून नफ्यातोट्याचा आंकडा देणें आम्ही योग्य समजत नाहीं.

ज्या वाचकांस असा मुक्काम करण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठीं चार सूचना. डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. पावसाळ्यांत अभयारण्यांत प्रवेश बंद असतो. रात्रीं गारवा फार, तेव्हां पांघरूण घरचेंच न्यावें. वन खात्याच्या परवानगीवांचून रानांत शिरूं नये; गवा शांत दिसला तरी त्याच्याजवळ जाऊं नये. ओल्या दगडावर पाय जपून ठेवावा, हें आमच्या कुटुंबाचें सांगणें. अनोळखी पाण्यांत उतरूं नये, कचरा मागें टाकूं नये. आणि शक्य असल्यास एका रात्रींत परत फिरूं नये. एका रात्रींत तलाव दिसतो, परंतु तो उतरतांना दिसत नाहीं.

येत्या मार्चांत पुन्हां आठ दिवस तेथें जाण्याचा आमचा विचार आहे. या खेपेस बंधूंस बरोबर नेणार आहों. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें आहे. तें उभयतांनीं मिळून दिलेलें बरें.